बाईंचा 'हं'

बाईंचा 'हं' ज्यांनी ऐकलेला नाही, त्यांना तो कागदावर समजावून सांगणं अवघड आहे. तो होकार नव्हता आणि नकारही नव्हता. त्यात कौतुक नव्हतं, कंटाळा नव्हता, नवल तर मुळीच नव्हतं. पोस्टात पाकिटावर शिक्का पडतो तसा तो पडायचा. तुमचं म्हणणं पोचलं, एवढाच त्याचा अर्थ. पुढं त्याचं काय झालं, याचा त्या ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत.

त्याचं मूळ आमच्या धंद्यात आहे. डोक्याला मार लागला, पक्षाघाताचा झटका येऊन गेला किंवा म्हातारपणी विसरायला व्हायला लागलं, की त्या माणसाचं लक्ष, आठवण, भाषा, विचार यांतलं काय शाबूत आहे आणि काय ढासळलंय हे आम्ही टेस्ट घेऊन मोजतो. शब्द ऐकवायचे, चित्रं काढायला लावायची, गोष्ट सांगून ती परत म्हणायला लावायची. पेशंट उत्तर देतो आणि लगेच आपल्या तोंडाकडे बघतो. तिथं 'छान' म्हटलं की तो पुढच्या उत्तराला जोर लावतो आणि गप्प बसलं की हातपाय गाळतो. एकाला 'छान' आणि दुसऱ्याला नुसतं बघणं, असं झालं तर मोजमाप वाकडं होतं. म्हणून टेस्ट घेताना 'छान' नाही, 'बरोबर' नाही, मान डोलावणं नाही. फक्त 'हं'.

जगातले सगळे लोक हा नियम टेस्टपुरता पाळतात. बाईंनी तो जन्माला बांधून घेतला होता. माझं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन गेले. मुलगा काय करतो, कुठला, सगळं सांगितलं. बाईंनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "हं." त्यांच्या हाताखाली पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या आम्हा सगळ्या पोरापोरींची एक पैज होती. बाईंच्या तोंडून जो 'छान' किंवा 'बरोबर' काढील, त्याला बाकीच्यांनी मिसळ खिलवायची. बॅचमागून बॅच गेल्या, मिसळ तशीच राहिली.

बाई मूळच्या भोरच्या. नोकरीची वर्षं पुण्यात एका संस्थेत काढली आणि निवृत्त झाल्यावर परत भोरला आल्या. लग्न केलेलं नव्हतं. भोरच्याच एका शाळेत शिकवणारी भाची त्यांच्याजवळ राहायची. संस्थेनं विद्यार्थ्यांचं प्रशिक्षण त्यांच्याकडेच चालू ठेवलं, म्हणजे आम्हाला त्यांच्यामागं धाडलं. आठवड्यातले काही दिवस भोरला आणि काही दिवस विंझरला. विंझरला ग्रामपंचायतीनं एक खोली दिली होती. एका कोपऱ्यात खतांची रिकामी पोती, भिंतीवर लसीकरणाचा फाटका तक्ता, मध्ये टेबल. वेल्हे तालुक्यातली माणसं तिथं यायची. आमच्या शास्त्राचं नाव उच्चारायचा खटाटोप कुणी केला नाही. बाईंना सगळे 'डोक्याच्या बाई' म्हणायचे आणि आम्हाला 'डोक्याच्या पोरी'. त्यात दोन मुलगे होते, ते बिचारे त्यातच धरले जायचे.

मी पुण्याची, त्यातही पेठेतली. आपल्याला सगळं येतं अशा भरवशावर एसटीत बसले होते. बाईंनी पहिला महिनाभर एकाही पेशंटला हात लावू दिला नाही. आधी प्रत्येक टेस्ट आम्ही स्वतः द्यायची, तीही एकमेकांसमोर. गोष्ट ऐकून परत सांगताना माझी अशी भंबेरी उडाली की बस. ज्या खुर्चीवर पेशंटला बसवायचं, तिचा घाम आधी आपल्याला फुटला पाहिजे, असं बाईंचं म्हणणं होतं. त्यानंतर चहा. चहा प्यायचा नाही, बघायचा. माणूस चहा कसा करतो ते बसून पाहायचं. पाणी आधी ठेवतो की साखर शोधत बसतो, गॅस बंद करायचा लक्षात राहतो का, मध्येच कुणी हाक मारली तर परत येऊन धागा सापडतो का. पाहिलेलं लिहायचं. 'वाटतं' हा शब्द रिपोर्टात सापडला की रिपोर्ट परत यायचा. मी एकदा लिहिलं होतं, 'पेशंट गोंधळलेले वाटतात.' बाईंनी विचारलं, "त्यांनी काय केलं?" मी म्हटलं, "चहाच्या भांड्यात मीठ टाकलं." "मग तेच लिही ना. वाटायचं काम वाचणाऱ्याला करू दे."

माझ्या बरोबरीच्या एका मुलीनं मार्गासनीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला घड्याळ काढायला सांगितलं. गोल काढा, आकडे घाला, काटे दाखवा. ही जुनी, सर्वमान्य टेस्ट आहे. बाबांनी पेन्सिल मुठीत धरली आणि बटाट्यासारखं काहीतरी काढलं. आकडे सगळे एका बाजूला. पोरीनं रिपोर्टात 'गंभीर बिघाड' असं ठोकून दिलं. बाईंनी तो वाचला, तिच्यासमोर कोरा कागद ठेवला आणि म्हणाल्या, "आता तू काढ. डाव्या हातानं."

तिनं काढलं. बाबांचं घड्याळ त्यापुढं देखणं म्हणावं लागलं असतं.

"आता खाली लिही," बाई म्हणाल्या, "डाव्या हाताला स्मृतिभ्रंश झालाय."

आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. ज्या हातानं जन्मात पेन्सिल धरलेली नाही, त्याला पेन्सिल देऊन मेंदू मोजायचा म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालून माणसाला बेढब म्हणण्यासारखं आहे, हे त्यांनी सांगितलं. टेस्टच्या पुस्तकातले तुलनेचे आकडे कुठल्या माणसांवरून काढलेत, हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा. शहरातली, शिकलेली, खुर्चीत बसून परीक्षा दिलेली माणसं असतील तर ते माप वेल्ह्याच्या अंगाला बसायचं नाही. आधी इथल्या धडधाकट माणसांची मापं घ्या, मग आजारी कोण ते ठरवा.

म्हणून आम्ही धडधाकट माणसं गोळा करायला निघालो. जगात याहून अवघड काम नाही. आजारी माणूस आपण होऊन येतो. विंझरच्या हॉटेलापाशी मी एका गृहस्थांना हात जोडून म्हटलं, "काका, तुमची थोडी टेस्ट घ्यायचीय."

"कशाची?"

"डोक्याची."

"मला काय येड लागलंय व्हय?"

"नाही हो काका, तुम्ही शहाणे आहात म्हणूनच."

"शान्या माणसाला तपासतं का कुनी?" काका म्हणाले. मग बाकावरच्या शेजाऱ्याकडे बोट दाखवून, "ह्याला न्या. लई दिसांचा संशय हाय आमाला."

शेवटी काका बसले, शेजारीही बसला. काकांच्या मागोमाग काकूही बसल्या आणि शब्दांच्या टेस्टमध्ये काकूंनी काकांना सपशेल मागं टाकलं. आम्ही कुणाचेही मार्क सांगत नसू, पण खिडकीतून सगळं गाव ऐकत होतं. पुढं कितीतरी दिवस काकांना हॉटेलात चहाबरोबर तेच ऐकावं लागलं.

गोष्टीची टेस्टही बाईंनी स्वतः बांधली होती. परदेशातल्या रस्त्यांची आणि दुकानांची गोष्ट इथं काय कामाची? बाईंची गोष्ट अशी: एक बाई बाजाराच्या दिवशी पहाटेच्या एसटीनं निघाली. पिशवीत तीन कोंबड्या होत्या. घाटात गाडी बंद पडली, एक कोंबडी सुटली, कंडक्टरनं ती टपावरून पकडून आणली, आणि बाईनं त्याला बक्षीस म्हणून अंडं दिलं. पेशंटनं ऐकून लगेच परत सांगायची. मग अर्धा तास दुसऱ्या टेस्ट घ्यायच्या आणि अचानक विचारायचं, मघाची गोष्ट सांगा. ती पुन्हा ऐकवायची नाही. पुन्हा ऐकवली की टेस्ट बाद. अर्ध्या तासानं मनात काय उरलंय, तेच तर बघायचं असतं. या गोष्टीवर लोकांचे आक्षेपही फार. कोंबड्या पिशवीत गुदमरतील की, असं तर प्रत्येक जण म्हणायचा. बाई म्हणायच्या, "हं."

आणखी एक त्यांचा दंडक होता. आधी कान, मग डोळे, मग झोप, मग गोळ्या. सगळ्यात शेवटी मेंदू. विंझरच्या एका आजोबांना घरच्यांनी भ्रमिष्ट ठरवून आणलं होतं. काही विचारलं तर नुसते हसायचे. बाईंनी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मळाचे गोळे निघाले. आजोबा पुढच्या खेपेला आले ते तक्रार घेऊनच. "बाई, ह्या घरात एवढा कालवा आसतूय व्हय? पैलंच बरं हुतं!"

पण बाई काय चीज आहेत हे मला खरं कळलं ते सारोळ्याच्या चाचांच्या वेळी. हायवेला चाचांचं पंक्चरचं दुकान होतं. हल्ली काढलेलं चाक कुठल्या गाडीचं तेच आठवेना. मुलगा त्यांना घेऊन भोरला आला. टेस्ट झाल्या, पुण्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांचा कागदही आला. विसरण्याचा आजार होता आणि तो वाढत जाणार होता. मुलानं बाईंना बाजूला घेतलं.

"मॅडम, अब्बांना काय बोलू नका. खचतील ते. मला सांगा काय ते."

"डोकं कुणाचं आहे?" बाईंनी विचारलं.

"अब्बांचं."

"मग बातमीपण त्यांचीच. तुम्ही बसा की शेजारी."

बाई टेबलामागून उठल्या. वाईट सांगायचं तर समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं, हा त्यांचा नियम. आधी चाचांचा चहा संपू दिला. मग काय शाबूत आहे ते थोडक्यात सांगितलं, काय चाललंय ते एका वाक्यात सांगितलं, आणि उद्यापासून काय करायचं तेही सांगितलं.

"म्हंजे मी इसरणार?" चाचा म्हणाले.

"व्हय चाचा. हळूहळू."

"नमाज?"

"ती लहानपणापासनं अंगात मुरलेली. ती लई उशिरा जाती."

 मग चाचांनी दुकानाच्या किल्लीबद्दल विचारलं, बाईंनी ती एकाच खिळ्याला लावायला सांगितली. एवढं होऊन मुलगा गोळ्यांची चिठ्ठी नीट बघतोय तोवर चाचा बाईंकडे वळून म्हणाले, "मग, काय निघालं मॅडम माझ्या डोक्यात?"

मुलानं खाली बघितलं.  बाई पुन्हा शेजारी सरकल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तोच आवाज, तीच वाक्यं, 'मघाशी सांगितलं ना' हे शब्द कुठंही नाहीत. चाचांनी पुन्हा विचारलं, म्हंजे मी इसरणार? पुन्हा, नमाज? निघेपर्यंत असं कितीदा झालं मी मोजलं नाही. मी घड्याळाकडे मात्र बघत होते, आणि बाईंनी ते पाहिलं होतं. गाडी गेल्यावर म्हणाल्या, "त्यांनी विचारलं तितक्या वेळा सांगायचं. आपल्यासाठी ती दहावी वेळ असेल, त्यांच्यासाठी पहिलीच आहे. तर पहिल्यांदा सांगतोय तसंच सांगायचं. ते जमत नसेल तर दुसरा धंदा बघ."

मला धंदा बदलायचा नव्हता. प्रशिक्षण संपलं, नोकरी लागली, तरी मी दर पंधरा दिवसांनी बाईंना मदत करायला विंझरला जात राहिले. नवी पोरं यायची, बाई त्यांना डाव्या हातानं घड्याळ काढायला लावायच्या, मी खिडकीत बसून मजा बघायची. असंच सालोसाल चालेल असं मी धरून चालले होते.

एकदा विंझरचीच एक आजी आली होती. बुटकी, तुरतुरीत, सून सांगते म्हणून आलेली, आपलं काही बिघडलंय हे तिला मान्य नव्हतं. त्या दिवशी बाई स्वतः टेस्ट घेऊन पोरांना दाखवत होत्या. कोंबड्यांची गोष्ट सांगितली, आजीनं ती परत सांगितली. बाकीच्या टेस्ट झाल्या. अर्धा तास भरला. आता बाई विचारणार, मघाची गोष्ट सांगा. बाईंनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "आजी, आता एक गोष्ट सांगते, नीट ऐका. एक बाई बाजाराच्या दिवशी पहाटेच्या एसटीनं निघाली..."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आजीनं कोंबडी टपावर जाईपर्यंत ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "अवो बाई, ही कोंबड्याची गोष्ट मगाशीच झाली की! त्यो कंडक्टर तिला धरून आनतोय. दोन दोन येळा कशापायी सांगताय?"

सगळे हसले. सून हसली, पोरं हसली, मीसुद्धा हसले. बाईंनी आजीकडे बघितलं. "मग तुमची आठवण पक्की आहे की आजी," त्या म्हणाल्या आणि कागदावर तिरकी रेघ मारली. टेस्ट बाद. त्या खोलीत फक्त बाईंनाच हसू आलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दोघी रस्त्यावर एसटीची वाट बघत उभ्या होतो. बाई म्हणाल्या, "मी गोष्ट दोनदा सांगितली."

"होतं हो बाई एखाद्या वेळी. दिवसभर किती पेशंट झाले."

"'होतं' याला पुरावा काय?"

मी एसटी येतेय का ते बघायला लागले.

"तीन-चार महिने झाले," त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "भाचीला एकच गोष्ट दोनदा विचारते. रिपोर्ट वाचून बाजूला ठेवते आणि परत वाचायला घेते. सांगितलं नव्हतं कुणाला. माझी टेस्ट घे."

मी हादरले. म्हटलं, आपल्या माणसाची टेस्ट आपण घ्यायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत. त्या म्हणाल्या, "खरं आहे. मग मला परका माणूस दाखव. पुण्यात या कामातले निम्मे माझे विद्यार्थी, निम्मे माझ्यापाशी बसून शिकलेत." दुसरं म्हणजे, टेस्ट घ्यायची तरी कोणती? चाळीसएक वर्षं बाई ज्या शब्दांच्या याद्या वाचत आल्या, त्या त्यांना झोपेतही पाठ होत्या. डोळे मिटून घड्याळ काढलं असतं. कोंबड्यांची गोष्ट तर त्यांनीच रचलेली. ज्या बाईंनी आख्ख्या तालुक्याची डोकी मोजली, त्यांचं डोकं मोजायला जगात माप उरलं नव्हतं.

"कशाला हात दाखवून अवलक्षण?" मी म्हणाले. हे मी रागानंच म्हणाले. मला भीती वाटत होती.

"माझी सही आहे ना," बाई म्हणाल्या. "झटका येऊन गेलेला टेम्पो ड्रायव्हर परत स्टिअरिंगवर बसतो तो माझ्या सहीवर. म्हाताऱ्या बाईला घरचे चूल पेटवू देतात ते माझ्या सहीवर. ती सही चालू ठेवायची का थांबवायची, एवढंच मला सांग. आणि माहीत नसलेलं माप आण."

एसटी आली. बाई नेहमीप्रमाणे कंडक्टरच्या मागच्या सीटवर बसल्या.

माप शिवायला अडीच-तीन महिने गेले. मी नव्या शब्दांच्या याद्या केल्या, नवी चित्रं केली, एक नवी गोष्ट रचली. एक शिंपी जत्रेच्या आदल्या दिवशी शिवलेले कपडे घेऊन होडीतून धरणापलीकडच्या गावाला निघतो, होडीतलं कुत्रं पाण्यात उडी मारतं, गठुळं भिजतं, आणि गावकरी ओल्या सदऱ्यातच पालखीला उभे राहतात. पण नुसती गोष्ट रचून काय उपयोग? बाईंच्या वयाची, बाईंइतकी शिकलेली, धडधाकट माणसं ती कशी सांगतात हे कळल्याशिवाय बाईंचं उत्तर कमी की जास्त, कसं ठरवणार? म्हणजे पुन्हा धडधाकट माणसं गोळा करणं आलं, आणि या खेपेला भोरचे निवृत्त मुख्याध्यापक आणि प्राध्यापक. विंझरचे काका परवडले. एका सरांनी शिंप्याचं नाव विचारलं. बिननावाच्या माणसाची गोष्ट ते ऐकून घ्यायला तयार नव्हते. एका मुख्याध्यापिकाबाईंनी टेस्ट झाल्यावर विचारलं, "पास का?" मी म्हटलं, "हं." त्या म्हणाल्या, "हं काय? मार्क सांग! उभी हयात मी मार्क दिलेत." बाईंना यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. भाचीला विश्वासात घेतलं होतं, तिनं तोंड घट्ट मिटून ठेवलं.

टेस्ट बाईंच्या घरीच घेतली, सकाळी, चहा झाल्यावर. आधी कान. मनात मी मोठी आशा धरून होते की कानातच काहीतरी निघेल. कान उत्तम निघाले. डोळे ठीक, झोप ठीक, गोळ्या फक्त रक्तदाबाच्या. मग मी समोर बसले आणि बाई पेशंटच्या खुर्चीवर.

भाषा, हिशोब, आकृत्या, सगळं त्यांनी झपाझप केलं. शिंप्याची गोष्ट ऐकून लगेच परत सांगितली, कुत्र्यासकट. मला बरं वाटायला लागलं. अर्ध्या तासानं मी विचारलं, "बाई, मघाशी एक गोष्ट सांगितली होती, ती सांगा."

बाई खिडकीकडे बघत राहिल्या. "पाणी होतं," त्या म्हणाल्या. थांबल्या. "कुणीतरी पलीकडं निघालं होतं."

मी वाट बघितली.

"एवढंच," बाई म्हणाल्या, आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. इतकी वर्षं हजार पेशंट जसे बघत आले, अगदी तसंच. मी पुढं सरकले असणार, कारण त्या लगेच म्हणाल्या, "आधार देऊ नकोस. वाकडं होईल."

"हं," मी म्हटलं. तो एक 'हं' म्हणायला मला जेवढं बळ लागलं, तेवढं आयुष्यात कशाला लागलेलं नाही.

माझ्या एकटीच्या आकड्यांवर काही ठरवायचं नव्हतंच. बाई पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेल्या, रक्त तपासलं, मेंदूचे फोटो काढले. बरं होण्यासारखं काही निघतंय का ते आम्ही बघितलं. तसं काही निघालं नाही. विसरण्याच्या आजाराची सुरुवातच होती, पण होती.

मी सांगायला गेले तेव्हा भाचीनं मला दारातच गाठलं. तिचे डोळे सुजले होते. "ताई, मावशीला एवढ्यात नका ना सांगू. मला सांगितलंत तेवढं बास."

तिला काय सांगायचं ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "डोकं मावशीचं आहे गं. चल, तूही बस शेजारी."

बाईंनी चहा संपवला. मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, बाई, तुमची भाषा शाबूत आहे, विचार धड आहे, माणूस बघून ओळखायची नजर तशीच आहे. नवं ऐकलेलं मात्र टिकत नाहीये, ते वयाच्या मानानं जास्त आहे, आणि ते वाढेल. उद्यापासून रोजच्या गोष्टी एकाच जागी ठेवायच्या, गोळ्या भाची देईल, विंझरला यायचं, पोरांशी बोलायचं.

"सही?" बाईंनी विचारलं.

"थांबवा, बाई."

बाईंनी रिकामा कप बशीत फिरवला. "हं," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "दोन ठिकाणी घाई केलीस. 'वाढेल' म्हटल्यावर थांबायचं होतंस. आणि सुरुवातीचं गोड लांबवलंस. माणसाला कळतं, पुढं काय येतंय ते."

भाचीला एकदम हुंदका फुटला. मला रडू आलं नाही, उलट रागच आला. आपल्या डोक्याचा निकाल ऐकतानासुद्धा ही बाई माझे मार्क कापत होती!

बाईंनी सही थांबवली ती थांबवलीच. पुढच्या खेपेला विंझरला आल्या, पण भिंतीला टेकून बसल्या. टेबलामागच्या खुर्चीवर मला बसायला लावलं. ती आजी पुन्हा आली होती, राहिलेली टेस्ट द्यायला. बाईंना कोपऱ्यात बघून म्हणाली, "बाई, तुमी का न्हाई घेत?"

"माझंच माप चुकतंय आता," बाई म्हणाल्या. "हिचं बसतंय का बघा तुमी."

परतताना भोरला मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेले. भाचीनं चहा आणि बशीत खारी ठेवली. बाईंनी खारी बुडवली आणि विचारलं, "अगं, माझी टेस्ट घेणार होतीस ना तू? तिचं काय झालं?"

भाचीनं माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची सोडली, त्यांच्या शेजारी जाऊन बसले, चहा संपायची वाट बघितली आणि पहिल्यापासून सांगितलं. त्यानंतर प्रत्येक खेपेला बाईंनी विचारलं आणि प्रत्येक खेपेला मी सांगितलं. कधी त्या म्हणाल्या, घाई केलीस. कधी म्हणाल्या, गोड लांबवलंस. सही थांबवायची हे ऐकताना त्यांचा कप दर वेळी बशीत तसाच फिरायचा. मलाही ते सांगणं दर वेळी तितकंच जड जायचं. सवय होईल असं लोक म्हणाले, पण झाली नाही. झाली नाही तेच बरं झालं, कारण त्यामुळं मला ते प्रत्येक वेळी पहिल्यांदा सांगतेय असं सोंग करावं लागलं नाही.

परवा गेले होते. आता विंझरला त्या येत नाहीत. भाचीला नावानं हाक मारतात, मला 'अगं' म्हणतात. चहा झाला, आणि त्यांनी विचारलं. मी शेजारी बसून सांगितलं. आधी काय शाबूत आहे ते, आता ते थोडंच आहे. मग काय जातंय ते. 'वाढेल' म्हटलं आणि थांबले. रस्त्यावरून एसटी गेली, तिचा आवाज विरेपर्यंत थांबले. मग सहीचं सांगितलं.

बाईंनी कप फिरवला नाही. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"बरोबर सांगितलंस," त्या म्हणाल्या.

मला हुंदका आवरेना. इतक्या बॅचमधून कुणालाही न मिळालेला तो शब्द मला मिळाला होता, आणि ज्यांना फोन करून मिसळ मागायची, त्या कुणालाही ते सांगायची माझी इच्छा नव्हती. बाई माझ्याकडे निरखून बघत होत्या, चहा करणाऱ्या माणसाकडे बघायच्या तशा.

"कुणाकडं शिकलीस गं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडंच, बाई."

त्यांनी जरा विचार केला.

"हं," बाई म्हणाल्या, आणि खारीची बशी माझ्याकडे सरकवली.